बादलीभर उष्णता

हिवाळ्यातलं विजेचं बिल आलं की एक प्रश्न हमखास निघतो. गीझर दिवसभर चालू ठेवावा, की लागेल तेव्हाच लावावा? प्रत्येक घरात या प्रश्नाचे दोन पक्ष असतात. एक म्हणतो, गार झालेलं पाणी पहिल्यापासून तापवायला जास्त वीज जाते, तेव्हा बटण बंदच करू नका. दुसरा आंघोळ झाली रे झाली की बटण बंद करून येतो आणि बाकीच्यांच्या मागेही लागतो. (बिल बहुधा हाच भरत असतो.) मग वाद वाढतो. गीझर काढून सौरबंब लावला तर? गॅसचा बरा का? आणि हल्ली ते हीट पंप म्हणतात, ते काय असतं?

उत्तरं शोधायला लोक आधी दुकानात जातात आणि माहितीपत्रकं घेऊन येतात. ती थोडा वेळ बाजूला ठेवू. पाणी तापवायला मुळात किती उष्णता लागते हे ठाऊक नसेल, तर कुठलं यंत्र किती वाचवतं हे कळायला मार्ग नाही. म्हणून आधी बादली.

१. एका बादलीचा हिशोब

एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला जितकी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. आणि विजेच्या मीटरवरचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. या प्रकरणात पाठ करायचे आकडे एवढेच.

आता आंघोळीची बादली २० लिटरची धरा. पुण्या-नाशकाकडे थंडीतल्या सकाळी नळाचं पाणी साधारण २० अंशांचं असतं असं मानू. अंगावर घ्यायला ४० अंशांचं पुरतं, त्यापुढे चारपाच अंश गेलं की चटका बसायला लागतो. म्हणजे २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायचं: २० गुणिले २०, ४०० किलोकॅलरी. त्याला ८६० नं भागलं की आलं ०.४७. अर्ध्या युनिटाला किंचित कमी. युनिट १० रुपयांना पडतं असं धरलं तर बादलीला पावणेपाच रुपये. चार माणसांच्या घरात चार बादल्या, म्हणजे रोज १.९ युनिट.

हे १.९ नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा व्यवहार त्याच्याभोवती फिरणार आहे. विजेच्या कॉइलवर चालणारा कुठलाही गीझर, कितीही महागाचा असो, याखाली जाऊ शकत नाही. आणि कॉइल वीज वाया घालवते असंही नाही. ती विजेची सगळीच्या सगळी उष्णता करते, आणि ती पाण्यातच बुडालेली असल्यामुळे ती उष्णता पाण्यातच जाते. बादलीत सोडायचा दोन-तीनशे रुपयांचा रॉडसुद्धा या बाबतीत पैकीच्या पैकी मार्क मिळवतो. रॉडचा दोष निराळा. बादलीत हात घालून पाणी किती तापलं हे पाहणाऱ्याला तो शॉक देऊ शकतो. पण त्याला वीजखाऊ म्हणणं अन्यायाचं आहे.

इथं विसणाचा मुद्दा येतो. गीझरमधलं पाणी आपण ६० अंशांपर्यंत तापवतो आणि त्यात गार पाण्याचं विसण घालून ते ४० वर आणतो. १५ लिटरच्या गीझरमधलं ६० अंशांचं पाणी, विसण २० अंशांचं: किती बादल्या होतील? ६० वरून ४० वर उतरताना कढत पाणी लिटरमागे २० किलोकॅलरी सोडतं. २० वरून ४० वर चढताना गार पाणी लिटरमागे तितक्याच घेतं. तेव्हा १५ लिटरला १५ लिटर विसण, एकूण ३० लिटर. दीड बादली. दोन माणसांची आंघोळ लागोपाठ असेल तर १५ लिटरचा गीझर पुरतो, कारण पहिली बादली भरत असताना आत नवं पाणी तापायला लागलेलं असतं. तरीही दुकानदार तिघांच्या घराला २५ लिटरचा गळ्यात मारतो. मोठं भांडं घेतलं म्हणून बादली महाग होत नाही. भांड्यात उरलेलं पाणी मात्र महाग पडतं. ते कसं, ते आता पाहू.

२. भोक पडलेली बादली

तळाशी बारीक भोक असलेली बादली डोळ्यांसमोर आणा. पाण्याची पातळी वर असेल तर दाब जास्त, गळतीही जास्त. पातळी उतरली की धार मंदावते. आता कुणी सांगितलं, “बादली सतत काठोकाठ भरलेली ठेव, रिकामी झाली तर पुन्हा भरायला जास्त पाणी लागेल,” तर आपण हसू. कारण पुन्हा भरायला जितकं गळलं तितकंच लागतं, आणि काठोकाठ ठेवलेल्या बादलीतून सर्वांत जास्त गळतं.

गीझरमधल्या उष्णतेचं तंतोतंत हेच आहे. आतलं पाणी ६० अंशांवर आणि बाहेरची हवा २० वर असेल तर उष्णता भराभर गळते. पाणी ३५ वर उतरलं की गळती मंदावते. दिवसभर चालू ठेवलेला गीझर म्हणजे काठोकाठ ठेवलेली गळकी बादली. वादाचा निकाल दुसऱ्या पक्षाच्या बाजूनं लागला.

गळतं तरी किती? जुना, आतलं आवरण जेमतेम असलेला २५ लिटरचा गीझर चोवीस तास चालू ठेवला तर नुसत्या गळतीपायी युनिटभर वीज सहज जाते. चार बादल्यांना १.९ आणि कुणाच्याही अंगावर न पडलेल्या उष्णतेला एक.

गीझरवरच्या ताऱ्यांबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे ते तारे ‘कमी विजेत पाणी तापवतो’ यासाठी मिळत नाहीत. ते मिळतात गळतीसाठी: आत-बाहेर ४५ अंशांचा फरक ठेवून चोवीस तासांत किती वीज गळते, हे मोजून. म्हणून पाच तारे कुणाला उपयोगी? ज्याच्या घरी सकाळी साडेपाचपासून साडेनऊपर्यंत एकेक जण उठतो आणि गीझर चालूच राहतो, त्याला. पाणी तापवून लगेच सगळं वापरून बटण बंद करणाऱ्याला ताऱ्यांचा फायदा थोडाच. दोन हजार वॉटचा १५ लिटरचा गीझर २० अंशांचं पाणी ६० वर न्यायला एकवीस मिनिटं घेतो. इतक्या अवधीत गळून गळणार किती!

काटकसर करताना एकच गोष्ट करू नका: साठवणीच्या गीझरचं तापमान ४० वर आणून ठेवणं. कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे न्यूमोनिया करणारे जंतू वाढतात आणि ६० अंशांवर ते मरतात. ५५ ते ६० ही मर्यादा बरी.

बिलाचीही एक खोच आहे. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे आहेत: १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला वरचा, ३०१ ते ५०० ला आणखी वरचा. पंखे, दिवे, फ्रिज यांची युनिटं काही चुकत नाहीत. ती उतरंडीतली खालची मडकी. गीझर सर्वांत वरचं मडकं. त्यामुळे गीझरचं युनिट आपल्याला सरासरी दरानं पडत नाही, ज्या टप्प्यात आपलं बिल संपतं त्या, म्हणजे सर्वांत महाग दरानं पडतं. एसी, इस्त्री, वॉशिंग मशीन असलेल्या घराला हीच बादली पावणेपाचऐवजी सात रुपयांना पडू शकते. पुढे कुठलाही हिशोब कराल तेव्हा बिलावरचा स्वतःचा वरचा टप्पा पाहून करा.

३. विस्तव पाण्याच्या पोटात

तांब्याचा बंब ज्यांनी वापरला आहे त्यांना त्याची रचना आठवत असेल. मधोमध उभी नळी, तिच्यात खाली जाळी, जाळीवर ढलप्या किंवा कोळसे. भोवती पाणी. चुलीवरच्या हंड्याला आच फक्त बुडाशी लागते आणि निम्मी कडेनं निघून जाते. बंबात विस्तव पाण्याच्या पोटातच असतो, म्हणून वर निघून जाणारा धूरही जाता जाता पाणी तापवतो. कुणा तांबटानं हे पहिल्यांदा केलं त्याला उष्णतेचं शास्त्र शिकवायची गरज नव्हती.

गॅसचा गीझर हे बंबाचंच नातवंड. ज्योतीच्या वर तांब्याच्या नळ्यांचं वेटोळं, त्यातून पाणी पळतं. साठा नाही, म्हणून गळती नाही. हिशोब करू. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण दीड लाख किलोकॅलरी असतात. त्यातल्या ८० टक्के पाण्यात उतरल्या तर सव्वा लाखाच्या आसपास. एका बादलीला ४००, म्हणजे सिलिंडरला तीनशे बादल्या. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर बादली तीन रुपयांना. विजेपेक्षा स्वस्त आहे, यात शंका नाही.

तरीही मी तो न्हाणीघरात लावू देणार नाही, आणि इथं मला तडजोड सुचत नाही. जळायला हवा अपुरी पडली की गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. दार-खिडकी लावून, वाफेत, शॉवर सोडून उभ्या असलेल्या माणसाला आधी थोडी गुंगी येते आणि पुढचं त्याला कळत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गॅसचा गीझर लावायचाच तर तो बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा मागच्या गॅलरीत लावा आणि न्हाणीघरात फक्त नळ येऊ द्या. ‘वर झरोका आहे की,’ हे उत्तर पुरेसं नाही. थंडीत माणूस पहिल्यांदा झरोकाच बंद करतो.

४. गच्चीवरचं ऊन

आतापर्यंतच्या सगळ्या उपायांत आपण उष्णता विकत घेऊन तयार करत होतो. कधी विजेची, कधी गॅसची. इथून पुढे वेगळी गोष्ट सुरू होते: आधीच असलेली उष्णता गोळा करणं.

महाराष्ट्रात एक चौरस मीटर जागेवर दिवसाला सरासरी पाच युनिटांच्या आसपास ऊन पडतं. दोन चौरस मीटर, म्हणजे एका सतरंजीएवढ्या जागेवर, दहा युनिट. त्यातलं निम्मं पाण्यात उतरलं तर पाच युनिट, म्हणजे ४,३०० किलोकॅलरी. तेवढ्यात १०० लिटर पाणी ४३ अंशांनी तापतं. घरगुती सौरबंब १०० लिटरला दोन चौरस मीटर या प्रमाणात का येतो, हे या तीन ओळींत कळतं.

‘सौरबंब’ हा शब्द मला फार आवडतो. विस्तव गेला, राख गेली, तांबंही बहुधा गेलं. नाव मात्र गच्चीवर चढून बसलं.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं १८९१ मध्ये ‘क्लायमॅक्स’ नावाच्या सौर पाणीतापकाचं पेटंट घेतलं. काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या पेटीत, पेटी छपरावर. दुपारी पाणी छान तापायचं आणि रात्री तिथंच गार व्हायचं. भोक पडलेली बादलीच ती! १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यानं दोन कामं वेगळी केली: ऊन गोळा करायला पातळ नळ्या, आणि पाणी साठवायला जाड आवरणाची टाकी. टाकी नळ्यांच्या वर. आपल्या गच्चीवर आज जे दिसतं ते मुळात हेच.

टाकी वरच का? तापलेलं पाणी हलकं होतं आणि वर चढतं. त्याच्या जागी टाकीच्या तळाचं गार पाणी खाली उतरतं. ऊन आहे तोवर हा रहाट आपोआप फिरतो, पंप लागत नाही. टाकी खाली ठेवली तर फिरणारच नाही.

गोळा करणारा भाग दोन तऱ्हांचा मिळतो. एक सपाट पेटी: काचेखाली काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या. दुसरा काचेच्या नळ्यांचा: प्रत्येक नळी दुहेरी, दोन काचांच्या मध्ये निर्वात पोकळी, म्हणजे थर्मासच. नळ्यांचा स्वस्त असतो आणि थंड हवेतही चांगला चालतो. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर पेटीतल्या बारीक नळ्या तुंबतात, म्हणून तिथंही काचेच्या नळ्या बऱ्या. उलट त्यातली एक नळी फुटली तरी सगळी टाकी त्या वाटेनं गच्चीवर रिकामी होते, आणि वानरांना नळ्यांशी काय वैर आहे कुणास ठाऊक. ज्या गावात वानरं येतात तिथं मी पेटी घेईन.

तोंड दक्षिणेला हवं, उतार साधारण गावाच्या अक्षांशाइतका: पुण्याला साडेअठरा अंश, नागपूरला एकवीस. थंडीत सूर्य खाली उतरलेला असतो, म्हणून थोडा जास्तच उतार दिलेला चांगला. आमच्या गच्चीवर बसवणारा मे महिन्यात आला, सावली नाही म्हणाला आणि बसवून गेला. डिसेंबरात दुपारी दोननंतर पाण्याच्या उंच टाकीची सावली निम्म्या नळ्यांवर पडायला लागली. सावली बघायची तर थंडीतली बघावी, हे शहाणपण मला सात महिने उशिरा आणि दोन हजार रुपये हलवाहलवीला देऊन मिळालं.

आपल्याकडे एक भाग्य आहे. कढत पाणी सर्वांत जास्त लागतं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि तेव्हाच आकाश सर्वांत निरभ्र असतं. युरोपात थंडी आणि ढग हातात हात घालून येतात. आपल्याकडे ऊन दगा देतं ते जून ते सप्टेंबर.

आता पैसे. माहितीपत्रकं सांगतात, १०० लिटरचा सौरबंब वर्षाला १,५०० युनिट वाचवतो. खोटं नाही. पण त्यासाठी टाकीतलं सगळं ६० अंशांचं पाणी तीनशे दिवस रोज वापरावं लागेल, म्हणजे रोज दहा बादल्या. आपल्या चार बादल्यांना रोज १.९ युनिट लागतात. पावसाळा वजा, एप्रिल-मेच्या गार पाण्याच्या आंघोळी वजा, उरले दोनशे दिवस: ३८० युनिट. दहाच्या दरानं ३,८०० रुपये. बंब बावीस हजारांना पडला तर पैसे वसूल व्हायला सहा वर्षं जवळजवळ. वरचा टप्पा पंधरा रुपयांचा असेल तर चार. घरात आठ माणसं असतील, तर वर्षं निम्मी होतात. म्हणून शेजाऱ्याचा बंब तीन वर्षांत वसूल झाला हे ऐकून आपला होईलच असं समजू नये. त्याच्या न्हाणीघराबाहेर रांग किती लांब असते ते आधी पाहावं. पुण्यासारख्या महापालिका सौरऊर्जेसारखी सोय केलेल्या घरांना मालमत्ता करात ५ ते १० टक्के सूट देतात. तीही या हिशोबात धरा.

५. मोट

विहिरीवर मोट चालायची तेव्हा बैल पाणी तयार करत नसत. पाणी विहिरीत होतंच. बैल ते ओढून काढत. हीट पंप एवढंच करतो, पाण्याऐवजी उष्णतेचं.

घरचा फ्रिज चालू असताना त्याच्या मागच्या किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून पाहा, कोमट लागेल. ती आतल्या दूधभाज्यांमधून ओढून काढलेली उष्णता आहे. हीट पंप बाहेरच्या हवेतून उष्णता ओढतो आणि टाकीतल्या पाण्यात सोडतो. पंचवीस अंशांच्या हवेत उष्णता भरपूर असते, आपल्याला ती जाणवत नाही इतकंच. बैलांना वैरण लागते तशी याला वीज लागते. पण एक युनिट विजेत तो तीन, हवा उबदार असेल तर चारही युनिट उष्णता पाण्यात आणतो. विहीर जितकी खोल तितके बैलांचे कष्ट जास्त. तसंच हवा जितकी थंड आणि पाणी जितकं कढत हवं तितकी वीज जास्त. मुंबईची विहीर अगदी उथळ आहे. महाबळेश्वरची जरा खोल.

यात एक गंमत आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून तीन भाग उष्णता निघते, तेव्हा तिच्यातून साधारण एक भाग वीज होते. बाकी वाफाळत्या मनोऱ्यांमधून हवेत जाते. ती एक भाग वीज तारांवरून आपल्या घरी येते आणि कॉइल तिची पुन्हा उष्णता करते. एकच भाग. हीट पंप त्याच विजेत हवेतले दोन भाग मिळवून पुन्हा तीन करून देतो. चंद्रपुरात गमावलं ते न्हाणीघरात परत आलं, असं म्हणायला हरकत नाही.

मग सगळ्यांनी तोच का घेऊ नये? कारण तो लाखाच्या आसपास जातो. चार बादल्यांच्या घरात तो रोज सव्वा युनिट वाचवेल, वर्षाला चारेक हजार रुपये. पंचवीस वर्षांनी पैसे वसूल, आणि यंत्र तितकं जगायला हवं. वसतिगृह, रुग्णालय, लॉज, जिथं रोज हजारो लिटर लागतात, तिथं मात्र त्याला तोड नाही. रात्री चालतो, पावसात चालतो.

आणि छतावर सौर पॅनेल लावून त्या विजेवर साधा गीझर चालवला तर? पॅनेल उन्हाच्या पाचव्या हिश्श्याची वीज करतं, बंब निम्म्याची उष्णता करतो. तेवढ्याच जागेतून पॅनेलला दोन युनिट, बंबाला पाच. पण पॅनेलची वीज मे महिन्यात पंख्यालाही लागते; बंबातलं कढत पाणी मे महिन्यात कुणालाच नको असतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या पॅनेलला ७८,००० रुपये अनुदान आहे. छप्पर मोठं असेल आणि पॅनेल लावायचीच असतील, तर चार बादल्यांसाठी मी वेगळा बंब घेणार नाही. छप्पर लहान आणि माणसं जास्त असतील, तर आधी बंब.

६. गच्चीपासून नळापर्यंत

सोसायटीत गच्चीवर सामायिक सौरबंब असतो, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू सांगतात की आमच्याकडे कोमटच येतं. बंबाचा दोष नसतो. वीस मिलिमीटर पोकळीच्या पंधरा मीटर पाइपात पावणेपाच लिटर पाणी मावतं. रात्रभर ते तिथंच गार झालेलं असतं. कढत पाणी यायच्या आधी बादलीचा जवळजवळ चौथा भाग या गार पाण्यानं भरतो किंवा मोरीत जातो. आणि नळ बंद केला की तितकंच तापलेलं पाणी पाइपात अडकून पुन्हा गार होतं. पाइपाला फोमचं आवरण घातलं तर लागोपाठच्या आंघोळींना फायदा होतो, पहाटेच्या पहिल्या बादलीला फारसा नाही. पहिली बादली बंबाची घ्यायचीच असेल तर ते गार पाणी कपड्यांच्या बादलीत धरा.

सौरबंब बसवणारा टाकीतच विजेची कॉइल टाकून देऊ का म्हणून विचारतो. पावसाळ्यासाठी. नको म्हणा. ढगाळ सकाळी दोन बादल्यांसाठी १०० लिटर तापवत बसायचं आणि त्यातलं निम्मं गच्चीवरच्या वाऱ्याला द्यायचं, हे परवडत नाही. तो भंगारात काढायला निघालेला १५ लिटरचा गीझर न्हाणीघरात आहे तिथंच राहू द्या. जूनमध्ये ढग दाटून आले की गच्चीवरच्या कढत पाण्याचा कॉक बंद करायचा, गीझरचं बटण वीस मिनिटं लावायचं, आणि पुढे दसऱ्याच्या सुमारास निरभ्र दुपार पाहून कॉक पुन्हा उघडायचा.